हार्ड डिस्क चाललीय की विंडोज थकलंय? क्रिस्टलडिस्कइन्फो, लॅपटॉपची आतली टेस्ट आणि चेकडिस्क

जुना लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा होऊन पिऊनही होतो, फाइल कॉपी करताना पट्टी मध्येच अडकते, माऊसचा बाण हलतो पण बाकी सगळं गोठलेलं. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "चेकडिस्क मार." म्हणजे विंडोजमधली तपासणी-दुरुस्तीची आज्ञा चालव. माझं म्हणणं उलट आहे. त्या डिस्कवर असं काही असेल जे दुसरीकडे कुठेच नाही, तर चेकडिस्क सगळ्यात शेवटी.

गेल्या पावसाळ्यात मावसबहिणीचा लॅपटॉप माझ्याकडे आला. २०१५ चा, ५०० जीबीची फिरती डिस्क, विंडोज १०. बॅटरीने कधीच मान टाकलेली, त्यामुळे चार्जर लावूनच चालायचा आणि लाइट गेली की धाडकन बंद. मुलाच्या बारशापासूनचे सगळे फोटो त्याच डिस्कवर.

आधी टास्क मॅनेजर उघडला. डिस्क १०० टक्के दिसली म्हणून लगेच घाबरू नका. फिरत्या डिस्कवर विंडोज १० अपडेट शोधत बसलं तरी तेवढं दिसतं. बघायचा तो खालचा प्रतिसादाचा वेळ. ५४०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांत होते, त्यामुळे काही दहा मिलिसेकंद चालतील, ताण असताना शंभर-दोनशेही चालतील. इथे एकही प्रोग्रॅम उघडा नसताना ४००० च्या वर आकडा होता, आणि वाचनाचा वेग सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो. हे फुकट आहे, काही सेकंदांत उत्तर देतं, आणि मुख्य म्हणजे डिस्कला राबवत नाही. डिस्क स्वतःची जी नोंदवही ठेवते, ती फक्त वाचून दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. रंगावर थांबू नका, तीन ओळी वाचा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे जे वाचता येत नाहीत, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. सी६ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. सी७ वाढलेला असेल तर मात्र आधी केबल आणि कनेक्टर बघा. तिथे डिस्क बिचारी निर्दोष असू शकते. आणि हो, कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणजे ९ नंतर ए ते एफ ही अक्षरं १० ते १५ साठी. बहिणीच्या डिस्कवर सी५ समोर '१ए' होतं, म्हणजे २६.

या सी५ ची एक गंमत आहे. लिहिता लिहिता वीज गेली तरी सेक्टर अर्धवट राहून या यादीत येतो. त्यावर पुन्हा काही लिहिलं की डिस्क ठरवते: जागा चांगली निघाली तर परत वापरात, नाहीतर बदली, आणि मग ०५ वाढतो. म्हणूनच दुकानात "फॉरमॅट मारून देतो" म्हणतात तेव्हा आकडा कधीकधी शून्यावर येतो आणि लॅपटॉप महिनाभर बराही चालतो. फोटो मात्र तेवढ्यात गेलेले असतात.

क्रिस्टलडिस्कइन्फोची उणी बाजूही आहे. निळा रंग म्हणजे अभयपत्र नव्हे. गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडता एकाही आकड्यात आधी इशारा दिलेला नव्हता.

अशा वेळी लॅपटॉपची आतली टेस्ट उपयोगी. बऱ्याच एचपी लॅपटॉपमध्ये सुरू होताना एस्केप दाबून एफ२, डेलमध्ये एफ१२. ही विंडोजच्या बाहेर चालते, त्यामुळे दोष विंडोजचा की डिस्कचा याचा निवाडा होतो. छोटी टेस्ट दोन-चार मिनिटांची. मोठी सगळा पृष्ठभाग वाचते आणि धडधाकट डिस्कलाही दोनेक तास घेते. उत्तर बहुतेकदा फक्त पास किंवा फेल. आकडे निळे आहेत पण शंका जात नाही, त्यांनी ही करावी. आकडे पिवळे असतील तर मोठ्या टेस्टची हौस करू नये, तेवढे तास कॉपीला द्यावेत.

आता चेकडिस्क. ते मुळात डिस्क तपासत नाही, फाइलींची दप्तरं तपासतं. सातबारा दुरुस्त करून वाहून गेलेली जमीन परत येत नाही, तसंच हे. नुसतं चालवलं तर फक्त अहवाल देतं, तेवढं ठीक. 'स्लॅश एफ' दप्तर दुरुस्त करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. 'स्लॅश आर' त्याशिवाय प्रत्येक सेक्टर वाचत जातं. मरणाऱ्या डिस्कवर ते एकेका खराब जागी अडत, तासन्‌तास चालतं. डिस्कचे आकडे स्वच्छ आहेत, लॅपटॉप मध्येच बंद पडल्यामुळे फोल्डर उघडत नाहीत आणि कॉपी घेऊन झालीय, एवढ्यासाठीच ते खरं औषध.

कॉपी विंडोजमधून रेंगाळत असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर त्याची किल्ली आधी शोधून ठेवा. तिथला डीडीरेस्क्यू हा कॉपीचा प्रोग्रॅम आधी सुखासुखी वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. आणि डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर वरचं एकही करू नका. लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फोटो त्या खर्चाच्या तोलाचे आहेत का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

डिस्क गेली म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसते आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१५ चं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. बहिणीला ब्राउझर आणि चार पत्रं टाइप करायची असतात, तिला उबुंटू टाकून दिलं. टॅलीवाल्याला मी हे सुचवणार नाही.

कॉपीला आख्खी रात्र लागली. सात फोटो आलेच नाहीत. त्यातले चार तिच्या नवऱ्याच्या व्हॉट्सॲपमध्ये सापडले.