सोनेरी स्क्रूचे चार हजार

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, सव्वीस वर्षं लेथवर काढली. ८.८ चा बोल्ट ८०० मेगापास्कलला (हे ताणाचं माप) तुटतो आणि ६४० ला कायमचा लांबायला लागतो, हे मी झोपेतही सांगेन. अशा माणसाला दोन मिलीमीटरच्या स्क्रूत गंडवलं. हसा हवं तर.

खालची दाढ गेली म्हणून इम्प्लांट बसवायचं ठरलं, म्हणजे हाडात धातूचं मूळ रोवायचं आणि त्यावर नवी दाढ बारीक स्क्रूने आवळायची. डॉक्टर म्हणाले, "काका, साधा टायटॅनियम कशाला? ग्रेड फाइव्हवर सोन्याचा थर दिलेला स्क्रू घालूया. चार हजार जास्त, पण जन्मभर बघायला नको." डबीत स्क्रू पिवळाधमक चमकत होता. मी मान हलवली.

यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच पटलं. शुद्ध टायटॅनियमचा ग्रेड ४ साधारण ५५० मेगापास्कलचा. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेला ग्रेड ५ नऊशेच्या आसपास जातो. सोन्याच्या मिश्रधातूचे स्क्रूही असतात, पण ते ताकदीसाठी नव्हेत. सोनं मऊ, घर्षण कमी, त्यामुळे तेवढ्याच पिळात स्क्रू जास्त ओढून बसतो. आणि पिवळा रंग? टायटॅनियम द्रावणात बुडवून वीज सोडली की वरच्या ऑक्साइडच्या जाडीप्रमाणे पिवळा, निळा, जांभळा असा रंग चढतो. सोन्याचा कणही लागत नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

डोळ्यांदेखत झालेली गोष्ट मात्र मी तेव्हाच ओळखायला हवी होती. स्क्रू नुसत्या हाताने पिळला, टॉर्क रेंच (ठरलेल्या पिळाला आवळणारा पाना) नाही. सहा महिन्यांत दाढ डुलायला लागली. गेलो, तर पुन्हा हातानेच आवळून दिली. त्यानंतरच्या दिवाळीत चकली फोडताना 'कट' झालं. बायको म्हणाली, "अहो, चकली की दात?"

टिळकवाडीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी अडकलेला तुकडा अर्धा तास खपून काढला. तो मी मागून घेतला. फाउंड्रीत क्वालिटीला असलेल्या मित्राने त्यावर धातू तपासायची गन धरली. सोनं नाही, व्हॅनेडियमही नाही. नुसता टायटॅनियम. एक ते चारमधला कुठला ग्रेड, ते गन सांगू शकत नाही, कारण तिथे फरक मुख्यतः ऑक्सिजनचा असतो. भिंगाखाली तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा होत्या. म्हणजे एका घावात नाही, ढिला राहून रोज थोडा थोडा तुटत गेला. ग्रेड ५ असता तरी ढिला राहून कधीतरी गेलाच असता. ताकदीच्या गप्पा माझ्या खिशासाठी होत्या.

इम्प्लांटच्या पाकिटात लॉट नंबरचे स्टिकर येतात. ते तुमच्या फाइलला लावून घ्या, स्क्रूचा धातू बिलावर लिहून मागा, किती पिळाला, म्हणजे किती न्यूटन सेंटिमीटरला, आवळला ते विचारा (बहुतेक कंपन्या ३० ते ३५ सांगतात). दाढ जरा जरी डुलली तर त्याच आठवड्यात जा, आणि रेंच दिसला नाही तर खुर्चीतून उठा.

मी स्टिकर मागायला गेलो, तर "फाइल सापडत नाही." आता ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर माझ्याकडे काडेपेटीत ठेवलेला तो तुकडा आहे आणि ३६,००० चं बिल, ज्यावर कन्नडमध्ये दोनच शब्द आहेत: हल्लिन चिकित्से. दातांचा उपचार.