दुबईच्या व्हिसात माझे १,७९,७०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहायला लाज वाटतेय, पण गप्प बसलो तर आणखी कुणाचं तरी लेकरू अडकेल. मी नांदेड जिल्ह्यातला शेतकरी. मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन. तालुक्याच्या गावच्या एजंटानं दुबईत नोकरी लावतो म्हणून १,३५,००० ठरवले. सोयाबीन विकून ८५,००० रोख दिले, उरलेल्या ५०,००० साठी हिची पाटली गहाण टाकली. पावती मागितली तर म्हणाला, "मामा, घरातलीच माणसं आपण." शेजारच्या गावची दोन पोरं त्यानंच पाठवली होती आणि ती तिकडं कामाला आहेत. मग कुणीही विश्वास ठेवलाच असता.

व्हिसा टुरिस्ट होता, हे त्यानं लपवलं नाही. "आधी टुरिस्टवर जायचं, साठ दिवसांत कंपनी वर्क परमिट करते," असं सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानात कागद समोर धरून त्यानं ३ एप्रिल या तारखेवर बोट ठेवलं. "हे बघा, इथपर्यंत काळजी नाही." त्या बोटाच्या दोनच ओळी खाली लिहिलं होतं: मुक्काम ३० दिवस. कागद माझ्याच हातात होता. सातबाऱ्यावरचा एकेक शब्द तपासणारा माणूस मी, आणि तेवढी एक ओळ वाचली नाही. आजही रात्री ते बोट डोळ्यासमोर येतं.

३ एप्रिल ही तिथं प्रवेश करायची शेवटची तारीख होती. राहायचे दिवस पोहोचल्यापासून मोजतात. पोरगा ९ फेब्रुवारीला पोहोचला, म्हणजे १० मार्चला मुदत संपली. ह्या दोन तारखा वेगवेगळ्या असतात, एवढं तरी ध्यानात ठेवा. अमेरिकेचंही तसंच आहे. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका फेरीत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

दुबईतल्या देरा भागात एका खोलीत आठ जण. कंपनी नाहीच. एसीच्या कामावर अकरा दिवस राबवून घेतलं, पगार दिला नाही. तक्रार तरी कुठं करणार? टुरिस्ट व्हिसावर काम करणं हाच तिथं गुन्हा. शेवटी १९,४०० चं तिकीट काढून १ एप्रिलला परत बोलावलं. ३ तारखेच्या आत निघालाय, म्हणून आम्ही निर्धास्त. विमानतळावर अडवला. जादा राहिल्याचा दंड दिवसाला ५० दिरहम, २२ दिवसांचे ११०० दिरहम. इथून २५,३०० उसने काढून पाठवले, तेव्हा तो सुटला.

मग पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हे पैशाच्या देवाणघेवाणीचं आहे, कोर्टात जा. तिसऱ्यांदा म्हणाले, गुन्हा दुबईत घडलाय. अहो, पैसे इथं घेतले, माझ्या गावात! नोंदणी नसताना परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणं १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानं गुन्हा आहे, हे मीच त्यांना कागद काढून दाखवलं. "तुम्हीच पाठवला ना पोराला?" असं उलट मलाच विचारलं. सहा चकरा, रोज बसभाडं आणि बुडालेली मजुरी. अर्जाची पोच घ्यायला दोन तास उभा राहिलो. एफआयआर अजून नाही.

सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाचं नाव आधी शोधा. ह्याचं नव्हतंच. नोंदणी असलेल्या एजंटालासुद्धा ३०,००० आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. रोख देऊ नका. माझ्याकडं पुरावा म्हणून फक्त फोनवरचं बोलणं उरलंय. टुरिस्ट व्हिसावर नोकरी म्हणाला की तिथंच उठा.

परवा कंधारकडच्या एका बापाचा फोन आला. त्याच एजंटाला त्यानं ४०,००० इसार दिलाय. व्हिसाचा फोटो मागवला आणि आधी मुक्कामाची ओळ शोधली. तीस दिवस. पोराचं विमान गुरुवारी हैदराबादहून आहे. मी त्यांना म्हटलं, बसवू नका.