विक्का स्टार्टर किट: हंडी मस्त, पण बकऱ्याचं मुंडकं कायले पाठवलं? (5 पैकी 2 स्टार)

आधीच सांगून ठेवतो राजेहो, इथं सामानापेक्षा विकणाऱ्याबद्दल जास्त लिहिलं आहे, ज्याला फक्त रेटिंग पाहिजे त्यानं वरचे स्टार पाहावे अन् पुढं जावं.

वस्तू म्हणजे 'विक्का स्टार्टर किट', किंमत 1,499 रुपये, एका मोठ्या साईटवरच्या कुठल्यातरी विक्रेत्याची. विक्का म्हणजे इंग्लंडात निघालेला, निसर्गाला पवित्र मानणारा एक नवीन पंथ. मागवली माझ्या पुतणीनं. ती अमरावतीला इतिहासात एम.ए. करते, तिचा सेमिनार होता युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांवर, अन् शेवटी तिला दाखवायचं होतं की आज जे लोक स्वतःला विक्कन (विक्का पाळणारे) नाहीतर पेगन (ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या देवांना मानणारे) म्हणवतात ते नेमके कोण, तं टेबलावर चार वस्तू मांडल्या तर बरं दिसेल असं तिचं म्हणणं. पत्ता गावचा टाकला कारण होस्टेलवर रेक्टर मॅडम सगळे पार्सल समोर उघडायला लावतात. गाव आमचं राळेगावच्या पुढं, कुरिअरवाला पोरगा गावात येतच नाही, फाट्यावरच्या पानठेल्यावर ठेवून जाते अन् फोन करते.

इथंच पहिला स्टार कटला. खोक्याला जी टेप गुंडाळली होती तिच्यावर लाल अक्षरात इंग्रजीत 'ब्लॅक मॅजिक सप्लाय' छापलेलं अन् प्रत्येक अक्षराच्या मधात बकऱ्याचं तोंड. आता पानठेल्यावर इंग्रजी वाचणारे चार पोरं तरी असतातच. मी पोचलो तोवर खोकं बाकड्यावर अन् लोकं चार हात लांब उभे. "भाऊ, करणीगिरणीचं सामान तं नाही ना हे?" एकानं विचारलं. दुसऱ्याले सगळंच माहीत, "सैतानाची पूजा करतेत ते गोरे लोकं, म्या रीलमध्ये पाह्यलं, लेकराचं रक्त लागते त्याले." म्हटलं बाप्पा, उघडतो तुमच्यासमोरच, पाहून घ्या. उघडलं तं वर मिठाचा पुडा. 50 ग्रॅम, 'पवित्र समुद्री मीठ'. तिथंच अर्धी भीती गेली, ठेलेवाला म्हणे याचे किती घेतले, तं मी गप्प बसलो.

सामान सांगतो. तीन पायाची बिडाची छोटी हंडी, वजनदार, कडा साफ घासलेल्या, खालून फक्त जरा गंज. ही एकच वस्तू पैशाच्या लायकीची. हातभर लांबीचा खराटा, काड्या गळतात. चार मेणबत्त्या, हिरवी, पिवळी, लाल, निळी, म्हणजे पृथ्वी, वायू, अग्नी, पाणी, पण एप्रिलच्या उन्हात कुठल्यातरी गोदामात पडून होत्या त्यामुळे चारही वाकलेल्या अन् लालचा रंग पिवळीला लागलेला. वाळलेल्या पाल्याची एक जुडी, त्याला व्हाईट सेज म्हणतात. हे झाड मूळ दक्षिण कॅलिफोर्नियाचं, तिथल्या आदिवासींच्या विधीतलं, विक्का निघालं इंग्लंडात, तिथल्या मातीत हे झाड नव्हतंच, अन् जगभर धूर करायची फॅशन आली म्हणून आता जंगलातून ओरबाडून नेतात ते. धूरच पाहिजे तं आपल्याकडे ऊद आहे, राळ आहे, कडुलिंबाचा पाला तं फुकट. गळ्यातलं लॉकेट, वर्तुळात पाच टोकांचा तारा, एक टोक वर, हे बरोबर पाठवलं, कडी तेवढी कच्ची आहे.

अन् मग तो कपडा. दोन बाय दोन फूट काळं सॅटिन, कडेचं ओव्हरलॉक सुटलेलं, मधात सोनेरी छपाई. तारा उलटा, दोन टोकं वर, त्यात बकऱ्याचं डोकं असं बसवलेलं की शिंगं वरच्या दोन टोकांत, कान बाजूच्या दोघांत, दाढी खालच्या टोकात, भोवती हिब्रू अक्षरं. नख लावलं तं सोनेरी निघून येते. पण छपाई जाऊ द्या, हे चित्रच विक्काचं नाही! हे चित्र ज्यांनी आपली निशाणी म्हणून घेतलं ती मंडळी म्हणजे अँटन लावेनं 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काढलेलं चर्च ऑफ सेटन, म्हणजे सैतानाच्या नावाचं चर्च. त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच गूढविद्यावाल्यांच्या पुस्तकांत ते येते, त्यांच्यातल्याच एलिफास लेवीनं बकऱ्याच्या तोंडाची बाफोमेट नावाची आकृती काढली तीही तिथलीच. अन् गंमत अशी की लावेवाले सुद्धा खराखुरा सैतान मानत नाहीत, त्यांच्यासाठी तो बंडाचं एक चिन्ह आहे, देवही नाही अन् सैतानही नाही असं त्यांचं सरळ म्हणणं. म्हणजे ज्या कपड्यावरून गावात बोंब झाली तो विक्काचाही नाही अन् त्या कपड्याचे खरे मालक सैतानापुढं हात जोडतात असंही नाही.

कुणी म्हणेल उलटा तारा म्हणजे वाईटच. तसंही नाही, विक्का लोकांपुढं आणणाऱ्या गार्डनरच्या परंपरेत दुसऱ्या दीक्षेची खूण उलटाच तारा आहे, अन् मध्ययुगात ख्रिस्ती लोक ताऱ्याची पाच टोकं म्हणजे येशूच्या पाच जखमा समजत. बकऱ्याचं डोकं टाकलं की मात्र दुकान बदलते. किट विकणाऱ्याला एवढं तं माहीत पाहिजे ना, भाजीवाला वांगं सांगून धोतऱ्याचं फळ देत नाही.

मग मी साईटवर जाऊन लिस्टिंग पाहिलं, अन् डोकंच फिरलं. विक्का किट, पण खाली टॅग काय, तं 'वशीकरण', 'शत्रूनाश', 'सौतन से छुटकारा', '7 दिवसात रिझल्ट'. फोटोत काळा बुरखा घातलेली बाई अन् मागं आग. खालचे रिव्ह्यू वाचा एकदा, एकानं लिहिलं 'सासूवर चाललं नाही, पैसे वापस करा'. आता ज्या पंथाचं मुख्य वचनच असं आहे की कुणाला इजा होत नसेल तं तुला वाटेल ते कर, अन् ज्यातले पुष्कळ लोक मानतात की दुसऱ्याचं वाईट केलं तं तिप्पट होऊन आपल्याकडेच येते, त्याचं किट शत्रूनाशाच्या नावावर विकणं म्हणजे काय म्हणावं. पानठेल्यावरच्या लोकांना मी काहीच दोष देत नाही, त्यांना जे छापून दाखवलं तेच ते बोलले.

सोबतच्या पुस्तिकेबद्दल. 40 पानं, इंग्रजी, कागद चांगला. अर्धी बरोबर आहे. देवी अन् शिंगवाला देव अशी जोडी, देवीची तीन रूपं, वर्षाचे आठ सण, निसर्गालाच पवित्र मानणं, हे सगळं साध्या भाषेत सांगितलं आहे. सैतान हा प्राणी ख्रिस्ती धर्मकथेतला, विक्कात त्याला जागाच नाही, अन् जो देवच मानला नाही त्याची पूजा कोण करणार, हेही एका ओळीत लिहिलं आहे. पण त्याच खोक्यात तो कपडा, म्हणजे पुस्तिका लिहिणारा अन् खोकं भरणारा यांची कधी भेटच झाली नसावी.

पण पुस्तिकेनंही दोन थापा मारल्या आहेत. एक म्हणजे विक्का हजारो वर्षांपासून जसाच्या तसा चालत आला. तो आला 1940-50 च्या दरम्यान, जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज, मलायात कस्टम खात्यात नोकरी करून रिटायर झालेला, त्यानं तो लोकांपुढं आणला. इंग्लंडात 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला तेव्हा कुठं तो उघड बोलू लागला, अन् त्याचे बरेचसे मंत्र-प्रार्थना डोरीन व्हॅलिएंट या बाईनं घासूनपुसून, नव्यानं लिहून दिल्या. प्राचीन असल्याची कल्पना मार्गारेट मरेची. ती इजिप्तच्या पुराणवस्तूंची अभ्यासक, जन्म कलकत्त्याचा बरं का, तिनं 1921 मध्ये मांडलं की खटल्यातल्या चेटकिणी एका जुन्या धर्माच्या होत्या, पण नंतरच्या इतिहासकारांनी ते खोडून काढलं. दुसरी थाप, युरोपात 90 लाख चेटकिणी जाळल्या. पुतणीनं तिथंच लाल पेनानं रेघ मारली, अभ्यासकांचा आजचा अंदाज 40 ते 60 हजारांच्या आसपास आहे, अन् सगळ्यांना जाळलंही नाही, अमेरिकेत सेलमला 1692 मध्ये 19 जणांना फाशी दिली. अन् त्यातले बहुतेक बिचारे साधे ख्रिस्तीच होते, चेटूक त्यांच्या माथी मारलेलं. आकडा वाढवून कुणाचं दुःख मोठं होत नाही म्हणे, हे तिचं वाक्य, मला पटलं.

सणांचं कॅलेंडर वाचून तं आम्ही हसलो. 1 ऑगस्टला पहिलं गहू कापायचं अन् त्याची भाकर, म्हणजे पाव, करायचा. आमच्याकडे ऑगस्टमध्ये कपाशीत डवरा चालू असते अन् बाया निंदणात, गहू निघते फाल्गुनात. पुस्तिकेत हे लिहायला पाहिजे होतं की ऋतू जिथले तिथले पाळायचे, ऑस्ट्रेलियातले विक्कन सरळ सहा महिने पुढं सरकवून सण करतात. भारतात विकायचं तं एवढं एक पान टाकायला काय जात होतं.

शिंगवाल्या देवाचं चित्र मात्र आमच्या आबाजींना आवडलं. पुस्तिकेत सेर्नुनोस या जुन्या केल्टिक देवाचा फोटो आहे, पॅरिसला सापडलेल्या जुन्या रोमन काळच्या दगडावर कोरलेला, डोक्याला सांबरासारखी शिंगं. पानठेल्यावरचे म्हणत होते शिंगं म्हणजे सैतान, आबाजी म्हणे, "शिंगाले काऊन भ्याचं? पोळ्याले बेगड लावून पूजतो ना आपण." ज्याच्या घरी जोडी आहे त्याला शिंगाची कशाची भीती. तिकडं बस्तरचे माडिया आदिवासी डोक्याला शिंगांचा मुकुट घालून नाचतात, तेही लग्नात अन् सणात. युरोपात मात्र ख्रिस्ती चित्रकारांनी ग्रीकांच्या पॅनसारख्या जुन्या देवांची शिंगं अन् बकऱ्याचे पाय सैतानाला चिकटवले अन् पुढं ज्याला शिंगं तो सैतान असं समीकरणच होऊन बसलं. आमच्या गावाशेजारी कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती आहे, त्यांची गावबांधणी, म्हणजे गावाच्या रक्षणाचा विधी पाहून बाहेरून आलेले नवीन नोकरदार अजूनही विचारतात की हे काळी जादू तं नाही ना. अन् नागपूरची काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो भला मोठा पुतळा, एखाद्या गोऱ्याला काही न सांगता दाखवा, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत अख्खं शहर रस्त्यावर, काय समजेल तो?

हसण्यावारी नेलं असतं पण आमच्या भागात हसण्यासारखं नाही हे. कुणा बाईवर 'करणी करते' असा शिक्का बसला की वाळीत टाकणं, मारहाण, जीव जाण्यापर्यंत गोष्ट गेलेली आहे विदर्भात. 2013 चा जादूटोणा विरोधी कायदा त्यासाठीच आला, डॉ. दाभोलकरांचा 20 ऑगस्टला खून झाला त्याच्या पाठोपाठ वटहुकूम अन् डिसेंबरात कायदा, शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं अन् दंड 5 हजार ते 50 हजार. अमुक माणूस करणी करतो, सैतानाचा अवतार आहे, असं सांगत सुटणं हाही त्यात गुन्हा आहे, अन् चमत्काराच्या नावावर लोकांना फसवून पैसा उकळणं हाही. म्हणून विक्रेत्याला सांगणं आहे, '7 दिवसात रिझल्ट' वालं लिस्टिंग महाराष्ट्रात दाखवताना जरा विचार करा. अन् टेपवर बकरा छापून गावखेड्यात पार्सल पाठवता, ते एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या नावावर आलं असतं तं? माझं काय, मी ठेल्यावर सगळ्यांसमोर उघडून दाखवू शकलो.

अमेरिकेत सैनिकांच्या कबरीवर हाच सरळ तारा कोरायला 2007 पासून सरकारची परवानगी आहे, कोर्टानं विक्काला धर्म म्हटलं ते त्याच्याही आधी, 1986 मध्ये. तिथं एवढं झालं अन् इथं तोच तारा उलटा करून सौतनवर सोडतात.

कस्टमर केअरला मेसेज केला की कपडा चुकीचा आहे, बदलून द्या. उत्तर आलं, "सर बकरेवाला प्रीमियम डिझाईन है, सादा स्टारवाला दो सौ कम में था." पुन्हा समजावून लिहिलं तं म्हणे वशीकरणाचा व्हिडिओ फ्री पाठवतो, कपडा ठेवून घ्या. मी म्हटलं जय महाराष्ट्र. रिटर्न टाकला तं साईट म्हणते पूर्ण किट परत करा, सुट्टी वस्तू घेत नाही, अन् पुतणीला हंडी तं पाहिजेच होती. मग तिनं डोकं लढवलं, सेमिनारला टेबलाच्या एका टोकाला तोच कपडा टांगला अन् खाली चिठ्ठी लावली, 'हे विक्का नाही'. सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले म्हणे.

तर घ्यायचं का? अभ्यासाला, नाटकाला, प्रदर्शनाला पाहिजे असेल तं लॉकेट अन् पुस्तिका सुटी घ्या, हंडी बाजारात बिडाची भांडी विकणाऱ्याकडं बोलून पाहा, खराटा घरचाच वापरा, मिठाचं सांगायची गरज नाही. नवऱ्याला, सासूला, शेजाऱ्याला वळणावर आणायला घेत असाल तं पैसे वाचवा. एक स्टार हंडीचा, एक पुस्तिकेतल्या बरोबर असलेल्या पानांचा. अन् मेणबत्त्या मार्च ते जूनमध्ये मागवूच नका, विदर्भात त्या सरळ पोचत नाहीत.