कमरेला लटकणारी डबी: एत्वी की इन्रो?

अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्सच्या श्रीमंत बायका कमरेच्या साखळीला एत्वी अडकवत. वीतभरही नाही एवढी, मीनाकाम केलेली डबी. झाकण उघडलं की आत कात्री, सुया, चिमटा, प्रत्येकाला नेमका खण. आणि हो, कानकोरणंसुद्धा! शिवाय हस्तिदंताची पातळ पट्टी: पेन्सिलीनं लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं.

जपानी इन्रो मुख्यतः पुरुषांची. किमोनोला खिसा नसतो, म्हणून ती ओबीला, म्हणजे कमरपट्ट्याला, लोंबायची. दोरी निसटू नये म्हणून टोकाला नेत्सुके नावाची कोरीव गुंडी. लाखेचे तीन-चार कप्पे एकावर एक इतके घट्ट बसत, की आतली औषधं कोरडी राहत.

देखणेपणात मी इन्रोलाच झुकतं माप देईन. पण ऐनवेळी बटण तुटलं, तर तिच्यात सुई कुठून मिळणार?