मेझनाइनला कुठला कंपोझिट बीम घ्यायचा: आय, बॉक्स की काँक्रीटमध्ये गाडलेला?

नाशिकच्या अंबड-सातपूरकडे शेडमध्ये मेझनाइन (मधला अर्धा मजला) टाकायचाय, स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) आठ-नऊ मीटर आणि मधे कॉलम नको, असं असेल तर स्टील बीमवर काँक्रीट स्लॅब, दोघं एकजीव काम करणारे म्हणजे कंपोझिट, हा पर्याय चांगलाच आहे. पण कुठला बीम हे ठरवताना बहुतेक जण फक्त बेंडिंग (वाकणं) बघतात, आणि खरा घोळ पिळात (टॉर्शनमध्ये) होतो.

बेंडिंगला आय सेक्शनच (इंग्रजी I सारखा काप) सरस. स्लॅब दाब घेतो, खालचं स्टील ताण घेतं, पण दोघं एकमेकांवरून सरकले नाहीत तरच, म्हणून वरच्या फ्लँजवर (बीमच्या आडव्या पट्टीवर) शिअर स्टड, म्हणजे स्लॅबमध्ये रुतणाऱ्या स्टीलच्या खुंट्या, वेल्ड करतात, बहुतेक वेळा 19 मिमीचे. साइटवर एक-दोन स्टड हातोड्याने वाकवून बघायला लावा, वेल्डपाशी चीर पडली तर बाकीचेही तपासायलाच हवेत. स्टड कच्चे असले की स्लॅब वेगळा आणि बीम वेगळा वाकतो, म्हणजे कंपोझिटचा पैसा जातो आणि ताकद साध्या बीमची मिळते.

आता पीळ. कडेच्या बीमवर एकाच बाजूने लोड आला, किंवा जिना-रॅम्प गोलाकार असला, की बीम वाकतो आणि पिळतोही. इथे आय फार कमजोर. 200 बाय 400 चा, 10 मिमी प्लेटचा बॉक्स घ्या आणि त्याला लांबीभर एक उभी चीर पाडा, वार्पिंगची, म्हणजे काप लांबीच्या दिशेने वेडावाकडा होण्याला जो अटकाव होतो त्याची, मदत सोडली तर पिळाविरुद्धची ताठरता जवळपास 490 पटीने कमी होते! आय हा तसाच उघडा सेक्शन. वर स्लॅब पक्का झाल्यावर तो बराच सावरतो, पण स्लॅबला तिरप्या चिरा पडायला लागल्या की ती मदतही घटते. आणि ओलं काँक्रीट ओतताना तर स्लॅबची मदत शून्य, त्यात बाहेर निघालेल्या भागाचं सेंट्रिंग कडेच्या बीमला लटकवलेलं असतं, तेव्हा टेकू आणि आडवे ब्रेसिंग हवंच हवं.

बॉक्स पिळाला भारी, पण वेल्डिंग जास्त, आतून रंग देता येत नाही, त्यामुळे टोकं नीट बंद करावी लागतात. गाडलेला बीम पीळही घेतो आणि आगीतही टिकतो, मात्र काँक्रीटमधल्या सळ्यांच्या रिंगा बंद हव्यात, वजन वाढतं आणि सेंट्रिंगचा खर्च वेगळा.

माझं मत विचाराल तर आतले सगळे बीम आय ठेवा. बाल्कनी असेल तर तिचे आडवे बीम कडेच्या बीमला नुसते जोडू नका, सरळ आतल्या बीमपर्यंत न्या, पीळ जवळजवळ तयारच होत नाही. ते जमत नसेल तेवढ्याच ठिकाणी बॉक्स घ्या, आणि डिझायनरला कडेच्या बीमचा टॉर्शन चेक, ओतकामाच्या वेळचा धरून, कागदावर मागा.