जुन्या जीन्स, आजीची इरकल आणि सुती साड्या: शिवून घेतलेल्या बॅगा पावसाळ्यापासून होळीपर्यंत वापरल्यावर

मागच्या जूनमध्ये घरातल्या जुन्या कपड्यांतून मी काही वस्तू शिवून घेतल्या. ऑफिससाठी जीन्सची बॅग, आजीच्या इरकलीचा क्लच, आईच्या सुती साड्यांचं लॅपटॉप कव्हर आणि बाबांच्या शर्टांच्या छोट्या पिशव्या. शिवणाऱ्या काकू ठाण्यात वर्तकनगरला राहतात, मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी आधी बरीच वर्षं उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात काम केलं आहे. आता होळी तोंडावर आली आहे. रोजचा ठाणे-ऐरोली प्रवास, पूर्ण पावसाळा, दिवाळी आणि लग्नाचा मोसम एवढं सगळं या वस्तूंनी पाहिलं. अशा बॅगांचे देखणे फोटो ऑनलाइन पुष्कळ दिसतात, पण जुलैतल्या पावसानंतर त्यांचं काय होतं ते फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मला पटलेली मुख्य गोष्ट सांगते. ताग्यातून फाडलेलं नवं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं असतं. अंगावर वापरलेलं कापड जागोजागी वेगळं असतं. कुठे विरलेलं, कुठे ताणलेलं, कुठे अगदी नव्यासारखं. त्यामुळे जुन्या कपड्याच्या वस्तूचं डिझाइन म्हणजे आधी कुठला भाग घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवणं. रंगसंगती, लटकन, गोंडे हे सगळं त्यानंतरचं. माझ्या ज्या वस्तू टिकल्या त्या या निवडीमुळे टिकल्या, आणि ज्या खराब झाल्या त्याही इथेच कमी पडल्या.

जीन्सची बॅग सगळ्यात जास्त वापरली, म्हणून तिच्याबद्दल जास्त. भावाच्या दोन जुन्या जीन्स नेल्या होत्या. काकूंनी त्या टेबलावर न पसरता आधी ट्यूबलाइटसमोर धरल्या. मांडीचा आणि बसण्याचा भाग उजेडात जाळीसारखा दिसत होता. "अगं, हे वरून चांगलं दिसतंय, पण यात जीव नाही. मला पोटरीचं कापड लागेल," असं म्हणून बॅगेच्या अंगासाठी त्यांनी गुडघ्याखालचाच भाग घेतला. मग दोन्ही अंगठ्यांत पकडून उभं-आडवं ताणून पाहिलं. आडवं जास्त ताणलं जात असेल तर त्यात इलॅस्टेन म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा आहे, आणि अशा कापडाची बॅग वजनाने खाली लोंबते. माझ्या स्वतःच्या दोन स्ट्रेच जीन्स त्यांनी याच कारणाने परत दिल्या. पुरुषांच्या जुन्या, जाड, निव्वळ सुती जीन्स सगळ्यात चांगल्या, हे त्यांचं मत वापरानंतर मलाही पटलं आहे.

पट्ट्याचं काम तर खास आहे. जीन्सच्या पायाला आतल्या बाजूने जी डबल टिपेची शिवण असते, तिच्यात कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून बंद केलेल्या असतात. काकूंनी ती शिवण मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड सोडलं, ते आत दुमडलं आणि त्यावर टीप मारली. म्हणजे पट्ट्याचा कणा आधीच तयार होता. डबा, पाण्याची बाटली, छत्री, कधी भाजी, असं सगळं वाहूनही पट्टा आजवर ताणलेला नाही. कमरपट्टा बॅगेच्या तोंडाला लावला आहे, त्याचे लूप तसेच ठेवलेत. त्यातल्या एका लुपाला मी किल्ल्या अडकवते. मागचा खिसा बाहेरच्या बाजूला आला आहे, पण ट्रेनमध्ये तो अंगाकडे येईल असा. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी ज्यांनी गर्दी पाहिली आहे त्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

जिथे शिवणी एकत्र येतात तिथे जीन्सचे सहा-आठ पदर होतात. घरगुती मशीन तिथे अडतं, सुई मोडते. काकूंकडे जुकी कंपनीचं कारखान्यातल्यासारखं दणकट मशीन आहे आणि त्या 18 नंबरची सुई लावतात. तुम्ही घरी शिवणार असाल तर त्या जागा हातोडीने हलक्या ठोकून चपट्या करा आणि मशीनचं चाक हाताने फिरवून तेवढे टाके घ्या.

आता पावसाळा. सूत ओलं झालं की उलट थोडं बळकट होतं, त्यामुळे भिजल्यामुळे बॅगेला काही होईल ही भीती नव्हती. त्रास झाला तो वाळण्याचा. जुलैमध्ये आमच्या गॅलरीत जीन्सची बॅग दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही तळाला दमट राहायची आणि कुबट वास यायचा. काकूंनी अस्तर मोडक्या छत्र्यांच्या कापडाचं लावलं होतं. कल्पना उत्तम, आतली कागदपत्रं कोरडी राहिली. पण त्यात दोन प्रकारच्या छत्र्या होत्या. साध्या काळ्या छत्रीचं कापड अजून ठणठणीत आहे. आतून चंदेरी लेप असलेल्या छत्रीचा लेप ऑगस्टपासून सुटायला लागला आणि फायलींवर, डब्यावर चंदेरी कण दिसू लागले. शेवटी गणपतीनंतर तेवढं अस्तर बदलून घेतलं. छत्रीचं कापड वापरणार असाल तर लेपावर नख ओढून बघा. पावडर निघाली तर ते नको.

दुसरी तक्रार रंगाची. दोन जीन्सपैकी एक गडद निळी होती, भावाला लवकरच घट्ट झाल्यामुळे फार न वापरलेली. डेनिममध्ये उभा धागा इंडिगोत बुडवलेला असतो आणि आडवा पांढरा. इंडिगो धाग्याच्या बाहेरच्या थरावरच बसतो, गाभ्यापर्यंत जात नाही, म्हणून घासलं की निघतो. पाठीमागची बाजू या गडद जीन्सची होती आणि पावसात माझ्या मोतिया कुर्त्याच्या कमरेला निळा पट्टा उमटला. मिठाच्या पाण्यात भिजवा, व्हिनेगर घाला, असं बरेच जण सुचवतात. इंडिगो त्याने पक्का होत नाही. भरपूर वेळा धुतलेली, फिकट जीन्स अंगाच्या बाजूला आणि गडद जीन्स बाहेरच्या बाजूला, एवढं शिवण्याआधी ठरवून सांगा.

चेन हा अशा बॅगेतला एकमेव नवा भाग आणि तोच आधी गेला. कापड होतं तसं आहे, शिवण होती तशी आहे, आणि रनर, म्हणजे चेनची सरकणारी कडी, दसऱ्याच्या आसपास दात सोडायला लागला. बाजारातून जाड रनर आणून बसवला, आता ठीक आहे. शिलाई 450 रुपये पडली होती. चेनवर आणखी 30-40 रुपये खर्च करायला सांगा, तिथे काटकसर नको.

इरकलीच्या क्लचबद्दल लिहिताना थोडं जड जातं, कारण ती आजीची नऊवारी होती. इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी, दोन्हींचे उभे धागे वेगवेगळे, आणि ते मागावरच फासांनी एकमेकांत अडकवलेले असतात. कर्नाटकातल्या इलकलला विणकर या जोडाला टोप-तेनी म्हणतात. नऊवारीत काष्ट्याचा भाग आणि पायाशी घासणारा खालचा काठ विरलेला असतो. वरचा काठ आणि निऱ्यांच्या आत दडलेलं कापड मात्र बरं निघतं. काकूंनी तो जोड क्लचच्या बरोबर मधोमध घेतला, एका बाजूला हिरवं अंग आणि दुसऱ्या बाजूला लाल पदर. हाताने बघितलं तर जोडाची बारीक उंचवट्याची रेघ बोटाला लागते. लग्नात अनेकींनी तो हातात घेऊन पाहिला आणि प्रत्येकीचं बोट त्या रेघेवर थांबलं. एखाद्या जुन्या साडीतली नेमकी हीच जागा उचलून समोर आणणं, याला मी डिझाइन म्हणते.

पण पदराचं रेशीम तेवढं टिकलं नाही. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर कपाटात होती. रेशमाला घडी, ऊन आणि घाम तिन्ही सोसत नाहीत, आणि ओलं झालं की ते कमकुवत होतं. जानेवारीत एका लग्नानंतर क्लचवर बरोबर जुन्या घडीच्या रेषेत चीर दिसली. मागे फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड, लावलेलं असल्यामुळे कापड जागच्या जागी राहिलं, लोंबलं नाही. काकूंनी त्यावर त्याच रंगाच्या एकपदरी दोऱ्याने आडवे बारीक टाके घालून चीर धरून ठेवली. जवळून पाहिलं तर दिसते, आणि मला ती दिसलेली चालते. मात्र क्लच आता फक्त समारंभाला निघतो. रोज घासला जाणाऱ्या वस्तूला जुनं रेशीम लावू नका. आणि धडधाकट पैठणी किंवा इरकल केवळ पर्स हवी म्हणून कापू नये, असं माझं ठाम मत आहे. नेसता येण्यासारखी साडी नेसावी. फाटलेली, डाग पडलेली, घडीत गेलेली असेल तरच कात्री लावावी.

लॅपटॉप कव्हर हे या सगळ्यांत सरस. आईच्या मऊ झालेल्या सुती साड्यांचे चार थर एकावर एक ठेवून गोधडीसारखा धावदोरा घातला आहे, कडेला काठाची पट्टी. फोम नाही, बकरम म्हणजे आत घालायचं कडक कापडही नाही. गोधडी आपल्याकडे घरोघरी होती, त्यामुळे विरलेलं कापड एकटं उपयोगाचं नसलं तरी थरांत बळकट होतं हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. इथे ते नेमकं कामाला आलं. 14 इंची लॅपटॉप घट्ट बसतो, कव्हर पाण्याने धुता येतं आणि चांगल्या उन्हात एका दिवसात वाळतं. टाक्यांच्या ओळी जवळजवळ असल्याने एखादा दोरा तुटला तरी बाजूची ओळ थर धरून ठेवते. दोन ठिकाणी दोरा निघाला होता, मी स्वतःच सुईने भरला. एवढं हाताने भरायला काकूंना वेळ लागतो, शिलाईही बॅगेपेक्षा जास्त म्हणजे 700 रुपये पडली, आणि ती योग्य आहे. हाताच्या कामाचे पैसे घासाघीस करून कमी करू नका.

बाबांच्या शर्टांच्या पिशव्यांत एक गोष्ट मला फार आवडली. पुढच्या बटणपट्टीलाच काकूंनी भाजीच्या पिशवीचं तोंड केलं. काज-बटण तयार, वेगळी चेन नको. कफाची झाली नाण्यांची पाकिटं, कारण कफ आधीच दुपदरी, आत कडक कापड घातलेला आणि बटण लावलेला असतो. दोन बाजू शिवल्या की काम संपलं. जांभळी नाक्यावर भाजी घेताना सुट्टे पैसे त्यातच असतात. कॉलर मात्र उपयोगाची नाही, दुमडीवर ती हमखास विरलेली असते.

केसांचे रबरबँड, स्क्रंची वगैरे उरलेल्या तुकड्यांचे केले, चांगले आहेत, विशेष सांगण्यासारखं काही नाही. कापडी कानातले घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्या कडा महिन्याभरात मळकट होतात आणि धुता येत नाहीत, कारण आत पुठ्ठा असतो.

तुलनेसाठी एक सांगते. याच काळात एका ऑनलाइन ब्रँडची, जुन्या साड्यांपासून बनवलेली म्हणून विकली जाणारी स्लिंग बॅग 1,400 रुपयांना घेतली होती. दिसायला काकूंच्या कामापेक्षा कितीतरी सुबक. पट्टा जिथे जोडला होता तिथे आत फक्त फोम होता, आधाराला कापडाचा तुकडाही नव्हता, आणि दिवाळीआधीच तिथलं कापड फाटून पट्टा हातात आला. उसवून पाहिलं तर कापड कोरं करकरीत, कुठेही वापराची खूण नाही. ती कारखान्यात कापताना उरलेल्या नव्या कापडाची कात्रणं असावीत. कात्रणं वापरणं चांगलंच आहे, पण मग तसं सांगावं. विकत घेताना विचारा की कापड कुठलं, धुतलं होतं का, ताण येतो तिथे आत काय आहे. ज्यांनी स्वतः निवडून शिवलं आहे त्यांना याची उत्तरं लगेच देता येतात.

कापड बाहेरून, जुन्या बाजारातून आणणार असाल तर कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. रेशीम असेल तर गरम पाणी आणि ऊन दोन्ही नको, थंड पाणी आणि सावली. डांबरगोळीचा वास धुण्याने पटकन जात नाही, काही दिवस हवेवर टाकावं लागतं. आमच्या नौपाड्यातल्या जुन्या घरी बोहारीण यायची आणि एका पातेल्यासाठी कपड्यांचा ढीग न्यायची. ती प्रत्येक साडी उलगडून, काठ चिमटीत धरून, उजेडात बघूनच घ्यायची. काकूंना ट्यूबलाइटसमोर जीन्स धरताना पाहून मला तिचीच आठवण झाली. कापडाचं हे ज्ञान या बायकांकडे पिढ्यांपासून आहे. आज जुन्या कपड्यांपासून बनवलेलं म्हणून जे काही महाग विकलं जातं त्यात त्यांचा वाटा मान्य व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

जीन्सची बॅग आणि लॅपटॉप कव्हर मी पुन्हा करून घेईन. क्लच पुन्हा केला तर पदर सोडून अंगाच्या सुती भागाचा आणि वरच्या काठाचा. काकूंकडे सध्या काम बरंच आहे, तीन-चार आठवडे थांबावं लागतं. पावसाळ्याआधी बॅग हवी असेल तर एप्रिलमध्येच कपडे नेऊन द्या. धुऊन न्या, पण शिवण उसवू नका, बटणं-लूप काढू नका, आणि शक्यतो एकाऐवजी दोन-तीन जुने कपडे न्या, म्हणजे निवडीला वाव राहतो.