६ स्टॉपचा एनडी फिल्टर, दोन पावसाळे वापरल्यावर

पावसाळा लागला की आमच्या इंदूरच्या ग्रुपमधले दोन-चार जण तरी विचारतातच की ताई धबधब्याचे ते रेशमासारखे फोटो काढायला कुठला फिल्टर घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी वापरते तो ६ स्टॉपचा फिक्स एनडी आहे, रिंगवर एनडी६४ लिहिलेलं असतं, ७७ एमएमचा, गोल, लेन्सवर स्क्रू होतो. दोन पूर्ण पावसाळे झाले, तिंछा, पाताळपाणी, कालाकुंड, जोगी भडक, इंदूरजवळच्या अशा सगळ्या पाण्याच्या जागी हिंडलाय तो माझ्यासोबत. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण हीच कंपनी घ्या असं माझं म्हणणंच नाही, आकडा बघून घ्या एवढंच म्हणणं आहे. काच असावी, दोन्ही बाजूंनी कोटिंग असावं, आणि ६ स्टॉप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनडी म्हणजे कॅमेऱ्याला घातलेला काळा गॉगल. लाइट कमी आत जातो म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि तेवढ्या वेळात पाणी सरकतं, त्याच्या रेषा उमटतात. एका स्टॉपला वेळ दुप्पट, म्हणून ६ स्टॉपला ६४ पट आणि १० स्टॉपला साधारण १००० पट.

आता मुद्दा असा की बहुतेक लोक दोन चुका करतात, आणि त्यातली पहिली मी स्वतः केलीय. ती म्हणजे व्हेरिएबल एनडी. फिरवला की कमी-जास्त काळा होतो, दुकानात बघितला की वाटतं अरे वा एकातच सगळं आलं. मला ज्या दुकानदारांनी दिला त्यांनी "मॅडम हा घ्या, दुसरा घ्यायची गरजच पडणार नाही" असं सांगून दिला, नाव लिहीत नाही, पण तिंछाला जाऊन वाइड अँगलवर लावला, पूर्ण फिरवला आणि आकाशात मधोमध मोठी काळी फुली. मला वाटलं काच खराब आहे. पण ती काचेची खराबी नाही, व्हेरिएबल म्हणजे एकावर एक दोन पोलरायझर असतात आणि ते जास्त फिरवले की वाइड लेन्सवर अशी फुली येतेच. व्हिडिओवाल्यांना त्याचा उपयोग आहे, लाइट बदलला की पटकन फिरवता येतो, पण १८ एमएमसारख्या वाइड झूमवर अख्खी दरी घ्यायची असेल तर नको. तो दिवस पूर्ण वाया गेला माझा, आणि वाईट याचं वाटलं की त्या दिवशी पाणी फार सुंदर होतं.

दुसरी चूक १० स्टॉपचा घेणं. नेटवर समुद्राचे धुक्यासारखे फोटो बघून लोक तोच मागवतात. पण हिशोब करून बघा ना. आपल्याकडे धबधबे वाहतात तेच मुळी ढगाळ दिवसांत. तिंछाला ढग असताना आयएसओ १०० (सेन्सर लाइटला किती संवेदनशील ते) आणि एफ ८ (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) वर मला साधारण १/६० सेकंदाचा शटर मिळतो. त्याला ६४ ने गुणलं की एक सेकंद, म्हणजे हवा तेवढा. १००० ने गुणलं की १६-१७ सेकंद. सोळा सेकंदात पाण्याचं काही उरतच नाही, पांढरा पडदा होतो, आणि वाऱ्याने हलणारी सागाची पानं हिरवा डाग होऊन बसतात. उलट स्वच्छ ऊन पडलं असेल तर एफ ११ वर १/२५० येतो, ६ स्टॉपने तो पाव सेकंद होतो, तेवढ्यातही रेषा येतात. म्हणजे ऊन असो की ढग, दोन्हीकडे हाच एक चालतो.

अजून एक फरक जो वापरल्याशिवाय कळत नाही. १० स्टॉप लावला की स्क्रीनवर जवळपास काहीच दिसत नाही, मग आधी फ्रेम लावा, फोकस करा, फोकस मॅन्युअल करा, मग फिल्टर चढवा, फ्रेम बदलायची असेल तर परत काढा. हे सगळं तुषार उडत असताना, ओल्या दगडावर, एका हातात छत्री धरून करून बघा. ६ स्टॉपमधून माझ्या कॅमेऱ्याला लाइव्ह व्ह्यूवर दिवसा व्यवस्थित दिसतं, बहुतेक वेळा ऑटोफोकसही लागतो. एकदा चढवला की तासभर तसाच राहतो. माझ्यासाठी याचीच किंमत सगळ्यात जास्त आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये बाबांना घेऊन पाताळपाणी-कालाकुंडच्या हेरिटेज ट्रेनने गेले होते. ही मीटर गेजची गाडी २०१८ पासून चालवतायत, ज्यांनी अजून केली नसेल त्यांनी पावसाळ्यात जरूर करा, घाटात बोगदे आहेत आणि खिडकीतून पाताळपाण्याचा धबधबा दिसतो. गाडीतून मात्र एनडीचा काही उपयोग नाही, तिथे उलट शटर फास्ट ठेवा. खरं काम कालाकुंडला उतरल्यावर. चोरल नदी तिथे दगडांमधून वाहते, फार खोल उतरावं लागत नाही, मी काठावरच एका सपाट दगडावर बाबांचा जुना ट्रायपॉड लावला. बाबांनी रीळवाल्या कॅमेऱ्याच्या काळात घेतलेला आहे तो, जड आहे, पण हलत नाही. पहिला फोटो एक सेकंदाचा काढून त्यांना दाखवला तर म्हणाले, "अगं, हे पाणी कुठेय, हे तर कोणी दूध सांडल्यासारखं दिसतंय. वेग दिसू दे की त्याचा." मग मी कमी करत गेले, अर्धा सेकंद, पाव, १/५. १/५ ला दगडावरून घसरणारं पाणी असं दिसलं की वरचा पातळ थर काचेसारखा, खाली आपटल्यावर फेसाचे वेगवेगळे धागे, आणि एका बाजूला भोवऱ्यात अडकलेलं पळसाचं पान, त्याचं अर्धं वर्तुळ उमटलेलं. बाबा म्हणाले, "हां, आता आवाज येतोय." तिथेच बसून कलाकंद खाल्ला, पानात बांधून देतात, गरम असतो.

तेव्हापासून माझं पक्कं झालं की एकच शटर सगळीकडे चालत नाही. पाणी जवळ असलं आणि फ्रेममधून भराभर जात असलं तर १/५, १/४ पुरतो. तिंछासारखा उंच धबधबा समोरच्या कड्यावरून लांबून काढताना तेच पाणी फ्रेममध्ये हळू सरकतं, तिथे अर्धा ते एक सेकंद लागतो. कमी-जास्त करायला आयएसओ आणि अॅपर्चर वापरा, फक्त एफ २२ पर्यंत जाऊ नका, सगळा फोटो मऊ पडतो, मी एफ ११ च्या पुढे शक्यतो जात नाही. आणि संध्याकाळी खोल दरीत अंधारून आलं की एनडी काढूनच टाका, तेव्हा नुसता सीपीएल, म्हणजे चकाकी घालवणारा फिरता पोलरायझर फिल्टर, बास होतो.

सीपीएलचं सांगायलाच हवं. बजेट एकाच फिल्टरचं असेल तर खरं म्हणजे आधी सीपीएल घ्या, एनडी नंतर. ओल्या काळ्या दगडावर आणि पानांवर जी पांढरी चकाकी असते ती सीपीएल फिरवली की जाते आणि खालचा खरा रंग वर येतो, हे नंतर एडिटिंगमध्ये करता येत नाही. वर एक-दीड स्टॉप लाइटही खातो. दोन्ही एकावर एक लावता येतात, पण १८ एमएमवर कोपरे काळे पडतात, मी २४ च्या पुढे झूम करून लावते.

साइजबद्दल. माझ्या किट लेन्सला, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सला, पुढे फिल्टर बसायला ५८ एमएमचे आटे (थ्रेड) आहेत, दुसरीला ६७. प्रत्येकीला वेगळा फिल्टर घ्यायची गरज नाही, मोठा ७७ चा घ्या आणि छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या स्टेप-अप रिंगा घ्या, स्वस्त असतात. कोपरे काळे पडायचं प्रमाणही त्याने कमी होतं. फक्त लेन्स हूड मग लागत नाही, पावसात ते थोडं नडतं.

आता फिल्टरच्या तक्रारी. रंग थोडा निळसर पडतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल) काढत असाल तर नंतर एडिटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम, जेपेगवाल्यांनी तिथेच व्हाइट बॅलन्स क्लाउडीवर ठेवावा. दुसरी तक्रार मोठी आहे, अॅल्युमिनियमची रिंग स्टेप-अप रिंगेत अडकते. जोगी भडकला इतकी घट्ट बसली की निघेचना, आणि मी जितकं जोरात दाबून फिरवलं तितकी अजून बसली. शेवटी केसांचं रबर रिंगेभोवती गुंडाळून, अजिबात न दाबता, हलक्या हाताने फिरवलं तेव्हा सुटली. पितळेच्या रिंगा कमी अडकतात असं जुने लोक सांगतात, परवडत असेल तर बघा. या एका गोष्टीमुळे अर्धा गुण कापून पाचपैकी साडेचार देते.

कोटिंग मात्र चांगलं निघालं. तुषारांचे थेंब पुसले की डाग राहत नाही. तरी एक कापड पुरत नाही, तीन न्या, पहिल्या दहा मिनिटांत एक चिंब होतं. आणि दोन शॉटच्या मध्ये लेन्सचं तोंड खाली करून ठेवा. घरी आल्यावर फिल्टर, रिंगा, सगळं पंख्याखाली वाळवून मग डब्यात सिलिका जेल टाकून ठेवते, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरायला वेळ लागत नाही.

ट्रायपॉडशिवाय यातलं काहीच होणार नाही हेही लक्षात घ्या. एक सेकंद हातात धरून दगड शार्प येत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात ठेवू नका, पाणी त्यांना बारीक थरथरवतं आणि फोटो का हलला ते कळतच नाही.

जायचं कधी, तर मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी बिलकुल नाही. माळव्याची काळी माती सगळी उतरून येते, पाणी चहासारखं असतं, कुठलाही फिल्टर लावा ते चहासारखंच दिसणार. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले, वर ढग आहेत, असा दिवस पकडा. सकाळी लवकर निघा, सिमरोलला पोहे खा, आठच्या आत तिंछाला पोचलात तर गर्दीही नसते.

आणि हे मी अगदी कळकळीने लिहितेय. लाँग एक्सपोजर काढताना आपण स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतो, वरच्या बाजूला लक्ष नसतं. पाताळपाणीला २०११ मध्ये लोंढा आला तेव्हा लोक पाण्यात मधोमधच उभे होते, इंदूरमध्ये ते कोणीच विसरलेलं नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर नसतो, वर कुठेतरी डोंगरात पडतो. पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पानं वाहत यायला लागली, आवाज बदलला, की ट्रायपॉड जिथे आहे तिथे सोडा आणि वर चढा. मी आता पाण्याच्या मधल्या दगडावर जातच नाही, काठावरून जे मिळेल ते, आणि सोबत एक जण असा नेते ज्याच्या हातात कॅमेरा नसतो, त्याने फक्त वर बघायचं. बहुतेक वेळा ते काम बाबा करतात.

तो कालाकुंडचा १/५ वाला फोटो त्यांनी १२ बाय १८ मध्ये प्रिंट करून घेतलाय, दिवाणखान्यात घड्याळाखाली लावलाय. कोणाला फिल्टर हातात घेऊन बघायचा असेल तर रविवारी सकाळी या, ५८ आणि ६७ च्या रिंगा माझ्याकडे आहेत, आपली लेन्स घेऊन या, लावून बघा आणि मग ठरवा.